धाकटीची ठेव

"काका, यात धोका अजिबात नाही," एजंट म्हणाला आणि मिस्त्री खुर्चीवरून उठले. दारापाशी जाऊन त्यांनी त्याच्या चपला उचलल्या, तोंडं जिन्याकडे करून नीट ठेवल्या आणि परत येऊन उभे राहिले. एजंटाचा चहा अजून अर्धा कप होता.

"काय झालं?" त्यानं गोंधळून विचारलं.

त्याला घेऊन आलेला माणूस मिस्त्रींच्याच लिफ्ट कंपनीतला. तो ओशाळून हसला. "चहा संपवा आणि निघू या. यांना ते शब्द चालत नाहीत. माझंच चुकलं, आधी सांगायला हवं होतं."

"अहो, पण वर्षात दीडपट होतात! मुलीच्या फीचं सगळं..."

"फीचं आम्ही बघू," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. लोकांना वरखाली नेणारी यंत्रं ते जिवापाड सांभाळत आणि स्वतः मात्र जिन्यानं चढत. कंपनीतली पोरं त्यांना 'जिनेवाले' म्हणायची. "स्वतःच्या हातावर भरवसा नाही का?" असं कोणी विचारलं तर ते म्हणत, "हातावर आहे. दोरावर नाही."

ते पहिल्यापासून असे नव्हते. तरुणपणी ते चालत्या लिफ्टच्या टपावर बसून शीळ घालायचे. मग त्यांना जुळ्या मुली झाल्या. थोरली आणि धाकटी. मुली पाळण्यात होत्या तेव्हाच एक प्राध्यापक लिफ्टमध्ये अडकला होता. मिस्त्री बाहेरून दार उघडायच्या खटपटीत असताना घाबरू नये म्हणून तो आतून सारखा बोलत राहिला. "मुली आहेत म्हणता? मग आजपासून साठवा! पदवी कोणीही घेतं, पैसा लागतो तो तिच्या पुढं!" दार उघडल्यावर घामाघूम प्राध्यापक आभार न मानताच पळाला, पण त्याचं बोलणं मिस्त्रींच्या डोक्यात राहिलं. त्याच आठवड्यात त्यांनी बँकेत स्वतःच्या नावावर दोन रिकरिंग खाती उघडली. एक थोरलीचं, एक धाकटीचं.

धाकटी चार वर्षांची असताना तापानं फणफणली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "धोका नाही. घरी न्या, उद्या बघू." बायको म्हणत होती, मोठ्या दवाखान्यात नेऊ या. मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर सांगतायत ना? थांबू सकाळपर्यंत."

धाकटीनं ती सकाळ पाहिली नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ते बँकेत गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "दोन्ही भरायचे ना?" मिस्त्रींनी तोंड उघडलं, आणि 'हो' निघालं. जेवताना ते बायकोला म्हणाले, "थोरलीचं भरलं." जरा थांबून म्हणाले, "धाकटीचंही भरलं." बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

तेव्हापासून दर महिन्याला असंच. धाकटीचा फोटो त्यांनी भिंतीवर लावला नाही, तिचे कपडेही कुणाला तरी देऊन टाकले. ती त्या घरात उरली ती एवढ्याच एका वाक्यात. पण मिस्त्रींच्या लेखी ती वाढत होती. महिन्याला थोडी थोडी, व्याजाएवढी. थोरली शाळेत जायला लागली तशी तीही गेली. थोरलीची उंची वाढली तशी तिचीही वाढली. एकदा त्यांनी थोरलीला हौसेनं एका हॉटेलातली नवी लिफ्ट दाखवायला नेलं. लिफ्ट तळमजल्यावरच उभी होती, आत दोन्ही बाजूंना आरसे होते. दार मिटलं आणि आरशात दोन वेण्यांच्या दोन मुली उभ्या राहिल्या. एक त्यांच्याकडे बघत होती, दुसरी पाठमोरी. मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला. पुन्हा त्यांनी मुलीला कधी कामावर नेलं नाही.

आता थोरलीला दूरच्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. विषय शेवाळं. "त्याचंसुद्धा कॉलेज असतं?" मिस्त्रींनी विचारलं होतं. "आपल्या न्हाणीघरात फुकट आहे की." आईसकट तिघंही पोट धरून हसली होती. हसणं संपलं ते फीचा आकडा कळल्यावर.

एजंट गेला तशी थोरली आतून बाहेर आली. "बरं केलंत," ती म्हणाली. "मी कर्ज काढते."

"कर्ज नको."

"मग काय करायचं, बाबा? माझी ठेव पुरत नाही. हिशेब तुम्हीच केलात."

मिस्त्रींचं तसं कुठे चुकलं नव्हतं. रिकरिंग पिकलं की त्याची मुदत ठेव करायची आणि रिकरिंग नव्यानं सुरू करायचं. सगळी रक्कम एकाच मुदतीत अडकवायची नाही, तुकडे करायचे, म्हणजे दर वर्षी एक हाताशी येतो. शेवटी, गरज जवळ आली की सगळे तुकडे मिळून एक ठेव; रिकरिंग मात्र चालूच. बरोबरीच्या लोकांनी जमिनी घेतल्या, शेअर घेतले. कुणी वर गेलं, कुणी आपटलं. मिस्त्रींचा पैसा कधी बुडाला नाही. पण व्याज पायी चालत राहिलं आणि फी धावत सुटली.

"दुसरी आहे की," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली.

"ती धाकटीची," मिस्त्री म्हणाले.

"धाकटी नाहीये हो." तिचा आवाज चढला नव्हता. पदराला हात पुसत ती पुन्हा म्हणाली, "नाहीये ती."

मिस्त्रींनी चटकन दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं की काय अशा नजरेनं.

"मला नकोच तिचे पैसे," थोरली म्हणाली. "तुम्ही जेवताना म्हणता ना, धाकटीचंही भरलं, तेव्हा माझा घास तोंडातच राहतो. लहानपणापासून. मला वाटायचं, ती कुठंतरी माझ्याएवढीच होतेय. एक दिवस येईल आणि म्हणेल, सरक तिकडं. तिच्या पैशांवर गेले तर तीही येईल माझ्याबरोबर. मला एकटीला जायचंय, बाबा."

ती कुठंतरी वाढतेय, हे मिस्त्रींनाही वाटायचं. त्यावर तर त्यांचे दिवस निघाले होते. त्याच गोष्टीनं आपली पोर आपल्याच ताटावर भेदरून बसायची, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. खिडकीतल्या बाई आता निवृत्तीला आल्या होत्या. दोन्ही पावत्या आणि रिकरिंगची दोन्ही पुस्तकं पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"दोन्ही मोडताय? एक मोडा. ही दुसरी पिकायला थोडेच महिने राहिलेत, व्याज कापलं जाईल. हिच्यावर कर्ज घ्या ना. ठेव जिवंत राहील, वाढतही राहील."

मिस्त्रींनी काउंटरची कड धरली. जिवंत राहील. वाढतही राहील. फी भागेल आणि काहीच मोडावं लागणार नाही. पहिल्या तारखेला पुन्हा जेवताना...

"निदान मुदत संपेपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या.

"नको," मिस्त्री म्हणाले. "थांबून झालंय आमचं. मोडा."

बाई कागद पुढं सरकवत कौतुकानं म्हणाल्या, "जुळ्या ना तुमच्या? थोरलीचं मागे सांगितलं होतंत तुम्ही. धाकटी काय करते?"

मिस्त्रींनी सही पुरी केली. पेनाला टोपण लावलं.

"ती लहानपणीच गेली."

बाईंचा शिक्का हातातच राहिला. "पण तुम्ही तर दर महिन्याला..."

"हो," मिस्त्री म्हणाले.

मग बाईंनी तो आवाज होऊ न देता, हलकेच उमटवला.

घरी आल्यावर त्यांनी चेक थोरलीसमोर ठेवला. तिनं आकडा पाहिला आणि हात मागं घेतला.

"तिचे नाहीत ते," मिस्त्री म्हणाले. "माझे आहेत. नाव माझंच होतं पहिल्यापासून." शब्द नीट जुळवत ते म्हणाले, "तू एकटी जा."

थोरली रडली नाही. तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

निघायच्या दिवशी बस स्टँडवर लागलेलीच होती. आई तिच्या पिशवीत पाण्याची बाटली कोंबत होती, ती "पुरे गं आई" म्हणत होती. थोरली आत जाऊन खिडकीशी बसली. मिस्त्री खाली, खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. गाडी भरत आली तरी तिथं कोणी बसेना. मिस्त्रींची नजर तिथून हलत नव्हती.

इंजिन सुरू झालं तेव्हा एक जाडजूड माणूस धापा टाकत चढला. शेजारी ठेवलेली थोरलीची शाल पाहून तो घुटमळला.

"कोणी आहे का हो इथं?" त्यानं खिडकीतून मिस्त्रींनाच विचारलं.

मिस्त्रींचे ओठ हलले. थोरली त्यांच्याकडे बघत होती.

"बसा," ते म्हणाले. "रिकामीच आहे."