धाकटीची रोपं

सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "परसातला माझा वाफा आता सुनेनं सांभाळायचा. कुठल्या सुनेनं, ते लीक ठरवेल." लीक म्हणजे कांद्याचीच लांबोडी, बिनगाठीची बहीण. एकाच पाकिटातलं बी त्यांनी दोन्ही सुनांना वाटून दिलं. जिची रोपं जाड, तिचा वाफा.

आता एवढ्याशा वाफ्याचं काय ते मोठं, असं तुम्ही म्हणाल. पण लग्न होऊन आल्यापासून त्या वाफ्याला पाणी घातलं थोरलीनं, तण उपटलं तिनं, आणि सासऱ्यांनी कधी त्याचं नाव काढलं नाही. धाकटी कालपरवाची, तर उठल्यासुटल्या तिचंच कौतुक. त्यात बीसुद्धा फितूर झालं. थोरलीच्या ट्रेमध्ये गवतासारख्या चार काड्या, अन् धाकटीच्या ट्रेमध्ये हिरवागार झुपका. थोरली तोंडदेखलं हसायची आणि आतल्या आत जळायची.

एका दुपारी घर सामसूम बघून तिनं कात्री उचलली आणि धाकटीची सगळी रोपं वरून निम्मी कातरून टाकली. गार वाटलं तिला, खोटं कशाला बोला. धाकटीनं मात्र संध्याकाळी त्या रोपांना नेहमीसारखं पाणी घातलं.

रोपं वाफ्यात लावायची वेळ झाली तसे सासरे काठी टेकत आले. थोरलीची रोपं लोळत होती. धाकटीची पेन्सिलीएवढी जाड, ताठ उभी.

"पात कोणी छाटली गं?" सासरे म्हणाले. "नेमकं हेच करायचं असतं. जोर बुंध्यात उतरतो. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं."

"मला कुठलं सुचतंय, बाबा," धाकटी म्हणाली. "ताईंनी छाटली. मी खिडकीतून बघितलं ना. स्वतःची तशीच ठेवून माझी छाटली त्यांनी. मला तर भरूनच आलं."

सासऱ्यांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढा मोठेपणा माझ्या सख्ख्या भावातही नव्हता. वाफा तुझा, पोरी."

धाकटी आनंदानं तिच्या गळ्यात पडली. खरं काय ते सांगून टाकावं, असं थोरलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण वाफा हवा होता, ती गप्प राहिली. आणि एवढं सगळं पदरात पडूनही तिच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण चांगुलपणातही धाकटीच पुढं निघून गेली होती.