प्रिंटरचा पत्ता

वस्तूंची निगा राखणे हा सद्गुण खरा. परंतु ज्या माणसांसाठी वस्तू जपायच्या, त्यांच्याच आड ती निगा आली, तर थांबून विचार करावा लागतो.

दूरदेशी असलेल्या लेकीची दुपारी शस्त्रक्रिया होती, आणि त्याआधी तिला दिवंगत आईचे हस्ताक्षर पाहायचे होते. वृद्ध वडिलांनी पत्नीचे जुने पत्र प्रिंटरमधल्याच स्कॅनरच्या काचेवर पालथे ठेवले. सकाळच्या उन्हात तो पिवळा कागद पाण्यावरच्या पानासारखा तरंगतो आहे, असा त्यांना भास झाला. संगणक मात्र एकच सांगत राहिला: प्रिंटर सापडत नाही.

सून धावत आली. "बाबा, तुम्ही रोज याचं बटण बंद करता ना?"

"अगं, यंत्रालाही विश्रांती हवी!"

"त्याला विश्रांती आणि माझ्या डोक्याला ताप! ते पुन्हा सुरू झालं की आपल्या वाय-फायचा राउटर त्याला नेटवर्कवरचा नवा पत्ता देतो. संगणक बिचारा जुन्याच दारावर टकटक करत बसतो."

तिने प्रिंटरचा पत्ता कायमचा ठरवून दिला आणि तोच संगणकालाही कळवला. प्रकाशाची रेघ काचेखालून संथपणे सरकली. पडद्यावर वळणदार अक्षरे उमलत गेली. सुनेने ते पत्र लगेच लेकीला पाठवले. थोड्या वेळाने लेकीचा निरोप आला: "आई भेटली. आता भीती नाही."

त्या लेकीला दीर्घायुष्य लाभो, आणि या सासऱ्या-सुनेचे सदैव मंगल होवो.