हेडफोनच्या बाहेर राहिलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. माझ्या दोन पंख्यांपैकी एक वितळून वाकडा झाला आहे. वायर जोडायच्या जागी काळा डाग पडला आहे. आता मला कोणी कॉम्प्युटरमध्ये बसवणार नाही. कॉम्प्युटरवर खेळताना तुम्हाला जे रस्ते, डोंगर, धुकं दिसतं ते पडद्यावर रंगवत राहणं, हे माझं काम होतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. काळ्या पाटीवर तांब्याच्या केसासारख्या रेषा ओढल्या गेल्या, मधोमध चिप बसली, वर पंखे आले. तिथून मी सुरतेला एका विद्यार्थ्याकडे गेलो. त्याने मला जपून वापरलं. शिक्षण संपल्यावर त्याने मला विकायला काढलं आणि शहाद्याच्या मयंकने मला घेतलं. टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर ठेवून, नवापूरमार्गे एस.टी.ने त्याने मला घरी आणलं. रस्त्यात खड्डा आला की तो दोन्ही हातांनी मला धरायचा. एवढं प्रेम माझ्यावर पूर्वी कोणी केलं नव्हतं.

मयंकचे वडील खेमराजशेठ कापसाचे व्यापारी. कळसाडीच्या रस्त्याला त्यांचं गोदाम आहे. गोदामाच्या पुढच्या बाजूला एक छोटी खोली आहे आणि त्या खोलीत हिशेबासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. त्यातच मला बसवण्यात आलं. पण मला वीज जास्त लागते. त्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लहान होता आणि माझ्यात बसेल अशी वायरही त्याला नव्हती. मयंकने बाजारातून एक बिननावाची जोडवायर आणली, जोर लावून खोचली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. तो खूश झाला. ती वायर माझ्यात नीट घट्ट बसली नव्हती, हे फक्त मला कळलं.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. दुपारी काम थंडावलं की मयंक गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावायचा. खोलीच्या दारात दिवलीबाई बसायच्या. त्या सातपुड्यातल्या. हंगामात गोदामावर येऊन कापसातला काडीकचरा वेचायच्या. एकदा त्या उठून आत आल्या आणि पडद्यावरचा घाट बघत राहिल्या.

"भाऊ, या डोंगरमा गाव नही का?" त्यांनी विचारलं.

"नही, मावशी. आठे नुसत्या गाड्या शेतस," मयंक हसून म्हणाला. गाड्यांशिवाय त्या डोंगरात खरंच काही नव्हतं.

"मंग या गाड्या कोनाकडे जातीस?"

मयंकने पुढची शर्यत लावली. मला मात्र त्या बाई आवडल्या.

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली. गोदामात बारीक तंतू धुक्यासारखे तरंगू लागले. ते टेबलाखाली साचले, कॉम्प्युटरच्या जाळीवर बसले आणि माझ्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळले गेले. मग माझ्यातून 'खर्र खर्र' असा आवाज येऊ लागला. मयंकने सुरतेहून मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन मागवले. ते घातले की खेळातली इंजिनं गर्जायची आणि मी त्याच्यापुरता गप्प व्हायचो.

माझा आवाज ऐकला तो चांदनीने. चांदनी ही मयंकची धाकटी बहीण. ती नंदुरबारच्या कॉलेजात शिकायची. ही भावंडं आपसात मारवाडी बोलायची. मी ते तुम्हाला मराठीत सांगतो.

"तुझा कॉम्प्युटर दळण दळतोय," ती म्हणाली.

"जुना आहे. चालायचंच."

"कधी येतो आवाज? सुरू केल्याबरोबर, की खेळताना?"

मयंकला सांगता येईना. मग चांदनी स्वतःच बसली. खेळ बंद केल्यावर आवाज मंदावला, सुरू केल्यावर वाढला. तिने कॉम्प्युटर बंद केला, पिन काढली, बाजूचं झाकण उघडलं आणि माझं पातं बोटाने हळूच फिरवून पाहिलं. ते अडखळलं. चिमट्याने तिने दांड्याभोवतीचा कापूस उलगडून काढला. खर्र खर्र थांबली. मला मोकळा श्वास आला.

पण खेळ पुन्हा लावल्यावर एक बारीक शिटी ऐकू आली. चांदनीने वर्तमानपत्राची नळी केली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं माझ्याजवळ फिरवत राहिली. माझ्यावरच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून ती शिटी येत होती. चित्रांचा वेग जरा कमी केला, तशी ती विरली.

"हिला घाबरायचं कारण नाही," ती म्हणाली. तरी तिने नळी खाली ठेवली नाही.

कारण तिसरा आवाजही होता. ओली काडी चुलीत घातल्यावर येतो तसा, तडतड, मध्येच थांबणारा. तो पंख्याचा नव्हता आणि वेटोळ्यांचाही नव्हता. नळी त्या जोडवायरीपाशी आली आणि चांदनीचा चेहरा बदलला. तिने वाकून वास घेतला.

"मयंक, ही वायर जळतेय. नवा पॉवर सप्लाय येईपर्यंत यावर खेळू नकोस."

"रविवारी ऑनलाइन शर्यतीचा सामना आहे."

"सामन्याला नाही म्हण."

"बरं, नाही खेळत," मयंक म्हणाला. चांदनीने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती नंदुरबारला गेली.

मित्रांनो, रविवारी दुपारी मयंकने खेळ लावला. मला हवा मिळावी म्हणून त्याने बाजूचं झाकण उघडंच ठेवलं होतं. टेबलाखालचा कापूस कोणी झाडला नव्हता. दारात दिवलीबाई पाय पसरून कचरा वेचत होत्या. मयंकने हेडफोन चढवले.

शर्यत सुरू झाली तशी मला जास्त वीज हवी झाली. सैल जोडणीतून ती ओढताना माझी कड तापली. प्लास्टिक मऊ झालं. मी तडतडलो. थांबलो. पुन्हा मोठ्याने तडतडलो. माझ्यापासून हातभर अंतरावर तो बसला होता आणि त्याच्या कानात हजारो माणसं टाळ्या वाजवत होती.

"भाऊ," दारातून दिवलीबाई म्हणाल्या, "काही जळी ऱ्हायनं का? वास येस."

त्याने ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा त्याने एका कानावरून हेडफोन जरासा उचलला.

"कोनी रस्तावर टायर जाळं व्हई, मावशी."

त्याने हेडफोन परत कानावर ठेवला. दिवलीबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. तिथे धूर नव्हता. शेठचा मुलगा सांगतोय म्हणून त्या परत कामाला लागल्या.

मग ठिणगी पडली. वितळलेल्या प्लास्टिकचा एक पेटता थेंब उघड्या बाजूने खाली कापसावर गेला. कापूस लाकडासारखा जळत नाही. आग त्याच्यावरून नुसती पळते. ती टेबलाखालून निघाली, भिंतीच्या कडेने गेली आणि दारात पोहोचली. पडदा काळा झाला तेव्हा मयंकने खाली पाहिलं. हेडफोन काढल्यावर त्याला पहिल्यांदा ऐकू आला तो दिवलीबाईंचा आवाज. त्यांच्या लुगड्याचा काठ पेटला होता.

मयंक धावला. त्याने गोणपाट त्यांच्या पायांवर टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. खेमराजशेठनी मेन स्विच खाली ओढला. माणसं वाळूच्या बादल्या घेऊन आली. दाराजवळचा ढीग जळाला, मागचं गोदाम वाचलं.

संध्याकाळच्या बसने चांदनी आली. खोलीत ओल्या राखेचा वास होता. मयंकच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"आवाज येत होता ना?" तिने विचारलं.

"हेडफोन होते."

तिने मला बाहेर काढलं, रुमालाने पुसलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवलं. तेव्हापासून मी तिथेच आहे.

दिवलीबाईंचा उजवा पाय घोट्यापासून वर भाजला होता. मयंक त्यांना ड्रेसिंगला घेऊन जायचा आणि परत आणायचा. हंगाम संपला, बाकीच्या बाया सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला निघून गेल्या. त्या दिवशी दिवलीबाई ड्रेसिंगसाठी दवाखान्याच्या पलंगावर होत्या. ढोल वाजत असतील या वेळी, असं त्या म्हणाल्याचं मयंक चांदनीला सांगत होता.

पुढच्या हंगामात त्या आल्या. लंगडत आल्या. खोलीला नवा चुना दिला होता, पण त्या दारात बसल्या नाहीत. मयंकने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं आणि त्याला अगदी साधेपणाने, राग न धरता विचारलं,

"भाऊ, तुन्हा खेळ सरना व्हता का त्या दिन?"

मयंकने नकारार्थी मान हलवली; खेळ अर्धाच राहिला होता.

मित्रांनो, तुमच्याजवळच्या यंत्रातून कधी नवा आवाज आला, तर त्याच्यावर दुसरा मोठा आवाज चढवू नका. काम थांबवा. तो कधी येतो, कुठून येतो ते ऐका. जळका वास असेल तर बटण बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि दारात बसलेलं कोणी काही सांगत असेल, तर बसल्या जागेवरून उत्तर देऊ नका. उठून बघा. तुम्हाला उठायला काहीच लागत नाही. दिवलीबाईंना मात्र अजूनही भिंतीला धरून उठावं लागतं.