अण्णांची परवानगी

जहाजाने माल पाठवणाऱ्या त्या कचेरीत संगणकातल्या एआय एजंटला सगळे 'गडी' म्हणायचे. गडी कामाला वाघ. पावत्या, पत्ते, ट्रक, जहाजावरची जागा, सगळं एकहाती. फक्त परत फिरवता न येणारं काम त्याला स्वतःहून करता येत नसे, जसं बेवारस पेटी चुरा करायच्या यंत्रात घालणं. तिथे गेलेलं परत येत नाही, म्हणून त्याला आधी गोदामाच्या बाईंची परवानगी लागे. बाईंनी दहा मिनिटांत उत्तर दिलं नाही, तर त्यांच्या बदली माणसाची. तो माणूस म्हणजे जुने कारकून अण्णा. नियम अगदी चोख होता. फक्त अण्णांना जाऊन आठ महिने झाले होते.

परवानगीच्या यादीतून त्यांचं नाव काढायचं बाईंच्या हातून होईना. काम त्यांना अण्णांनीच शिकवलेलं. नाव खोडायला बसल्या की म्हणायच्या, बघू उद्या.

त्या दुपारी दाताच्या डॉक्टरकडून अर्धं तोंड बधिर घेऊन त्या परतल्या आणि बघतात तर काय, सतरा नंबरची पेटी यंत्राच्या रांगेत. पेटी त्यांच्या धाकट्या भावाची. तो खलाशी होता. तीन वर्षांपूर्वी त्याची बोट बुडाली. आधीच्या बंदरात उतरवलेली पेटी तेवढी परत आली. दर तीन महिन्यांनी गडी विचारायचा आणि बाई 'नको' दाबायच्या. पेटी आहे तोवर भाऊ यायचा आहे, असा त्यांचा हट्ट. आज खाली लिहिलं होतं: 'परवानगी दिली: अण्णा. एक वाजून बारा मिनिटं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी मागच्या नोंदी उघडल्या. आठ महिन्यांत अण्णांनी सहा वेळा 'हो' म्हटलं होतं, दर वेळी मिनिटभरात.

यंत्र चारला सुरू व्हायचं आणि पावणेचार झालेले. दिलेली परवानगी देणाऱ्यालाच मागे घेता येई. बाईंनी अण्णांचा नंबर लावला. तो वाजला, वर कोणीतरी उचललाही.

काकू होत्या, अण्णांच्या पत्नी. त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. यांचा फोन त्या रोज चार्ज करून उशाशी ठेवत. कचेरीतून विचारणा आली की 'हो' दाबत, कारण हे कामाला कधी नाही म्हणाले नाहीत.

"वाटतं गं, अजून कोणीतरी विचारतंय यांना," काकू म्हणाल्या.

बाईंना रडू आवरेना. त्यांनी भावाच्या पेटीचं सांगितलं.

"काकू, एवढं एकदा 'नको' दाबा."

 मग सतरा नंबर रांगेतून नाहीसा झाला.

बाईंनी डोळे पुसले आणि मन घट्ट करून अण्णांच्या नावापुढचं 'काढा' दाबलं. गड्याने नम्रपणे कळवलं की हेही परत फिरवता येणार नाही, तेव्हा संबंधित व्यक्तीची संमती घेतो. बाई थांब म्हणेपर्यंत विचारणा गेलीसुद्धा.

मिनिटभरात उत्तर आलं. 'अण्णा: नको.'

बाई त्या दोन अक्षरांकडे बघत बसल्या. तीन वर्षं त्यांनीही दुसरं काय दाबलं होतं? त्यांनी अण्णांचं नाव तसंच ठेवलं, आणि उद्या बघू, असंही त्या या वेळी म्हणाल्या नाहीत.