पिंपळडोहच्या बोटीचं बारसं

मी नौदलात होतो हे आमच्या पिंपळडोहात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण मी सांगितल्याशिवाय कुणाला सोडतच नाही. सोनपेठच्या बाजारात वांगी निवडताना सांगतो. एसटीत शेजारी बसलेल्याला पाथरी येईपर्यंत सांगतो, आणि तो आधीच्या फाट्यावर का उतरला याचा विचार करत नाही. फक्त एक गोष्ट सांगायची राहून जाते, की मी तिथं स्वयंपाकी होतो. समुद्र मी पाहिला तो भाताच्या वाफेतून. वादळ आलं की बाकीचे जहाज सांभाळायचे आणि मी डाळीचं पातेलं.

माझं जहाज 'गोदावरी'. नदीकाठच्या पोराला नेमकं तेच जहाज मिळावं, आणि त्यात माझ्या आईचंही नाव गोदावरीच! पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आईला ही बातमी दिली. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "सरकारला कुणी सांगितलं रं माझं नाव?" आज ऐंशी ओलांडली तरी तिला वाटतं की त्या कामात माझा वशिला होता. मीही तिला कधी दुरुस्त केलं नाही. उभ्या जन्मात तेवढाच एक वशिला माझ्या खात्यावर आहे.

ते जहाज २०१५ साली निवृत्त झालं. पेपरात फोटो पाहिला आणि त्या दिवशी मी जेवलो नाही. नौदलाची एक रीत आहे, जहाज भंगारात जातं पण नाव जात नाही. पुढं कधीतरी नवं जहाज येतं आणि जुन्याचं नाव त्याला देतात. मी त्या नव्या गोदावरीची वाट बघत बसलो, जसं काही तिच्यावर भात लावायला मलाच बोलावणार होते.

मग आमच्या गावाला बोट मिळाली. मागच्या पावसाळ्यात गावाला पाण्याचा वेढा पडला होता, म्हणून सरकारनं इंजिनाची एक फायबरची बोट दिली. तिचं इंजिन चालू होतं का हे बघायच्या आधी तिच्या नावावरून गाव पेटलं. सरपंच सूर्यभानला आपल्या वडिलांचं, बापूंचं नाव हवं होतं. त्याच्याकडून दोनदा निवडणूक हरलेल्या शिवप्रसादला आपल्या नेत्याचं. मग थोर पुरुष निघाले. प्रत्येक आळीचे थोर पुरुष वेगळे, आणि एकाचं घेतलं की दुसऱ्याचा अपमान. एका बाजूला एकाचं आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं लिहावं अशी सूचना आली, तर गावाकडून दिसणारी बाजू कुणाची, यावर बाह्या सरसावल्या गेल्या.

तेवढ्यात ग्रामसभेत मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, नेव्हीवाल्याला इचारा की!"

या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं पेन्शन खात जगलो होतो. उठलो, घसा साफ केला आणि सांगायला लागलो. लढाऊ जहाजांना नद्यांची, शहरांची, डोंगरांची, शस्त्रांची नावं देतात. त्यासाठी वर समिती बसते.

"म्हंजी तिथं राजकारण न्हाई?" शिवप्रसादनं विचारलं.

कुठल्या राज्याचं शहर आधी आणि कुठल्याचं नंतर, यावर वर काय होत असेल ते भटारखान्यातल्या माणसानं कसं सांगावं? शिवाय मला पेन्शन आहे. मी तो प्रश्न ऐकलाच नाही आणि थेट माझ्या मुद्द्यावर आलो. बोटीचं नाव 'गोदावरी' ठेवा. नदी कुणाच्या पक्षाची नाही, कुणाच्या आळीची नाही, आणि तिला जयंती-पुण्यतिथीही नाही. दोन्ही गट थोडा वेळ कुजबुजले. आपलं झालं नाही तरी त्याचंही होत नाही, या आनंदात ठराव पास झाला. सूर्यभान म्हणाला, "तुमच्या मायचं नाव चिटकवलंव की फुकटात." सगळे हसले आणि मीही हसलो. त्या हसण्यात थोडा विचार केला असता तर पुढचं टळलं असतं.

मी तिथंच गप्प बसलो असतो तरी टळलं असतं. पण मला आणखी एक रीत सांगायची होती. नौदलाचं जहाज पाण्यात सोडताना बाईमाणूस लागतं. ती नारळ फोडते आणि जहाजाचं नाव उच्चारते. नारळाबरोबर तिच्या तोंडातून जे नाव निघेल ते कायमचं, मग ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. हा शेवटचा नियम नौदलात खरोखर आहे की मी तिथं उभ्या उभ्या केला, ते आता मलाही सांगता येणार नाही. आता नारळ कुणाच्या बायकोनं फोडायचा यावरून परत दोन्ही गट उठले. मी जरा खोकलो आणि म्हणालो, "तिकडं हा मान नौदलातल्या साहेबांच्या बायकोला असतो." गावात नौदलातला मी एकटाच होतो. साहेब नव्हतो, पण ते कोण बघतं?

घरी आलो तेव्हा कुसुम भाकरी थापत होती. माझं सगळं ऐकून तिचा हात थांबला.

"काय म्हणायचं मी तिथं?"

"गोदावरी. बास, येवढंच."

"मला न्हाई जमायचं. दुसरी कुणी बघा."

मला वाटलं लाजली. बाया लाजतातच. मग मी तिला मोठमोठ्या साहेबांच्या बायका कशा उभ्या राहतात ते सांगितलं, एक कांदा घेऊन नारळ कसा आपटायचा ते करून दाखवलं.

"अवं, पर माझं ऐकून तर घ्या..." ती म्हणाली. पण मी तोवर एडनच्या आखातातल्या वादळापर्यंत पोचलो होतो, आणि त्या वादळात मला कुणी आजवर थांबवू शकलेलं नाही.

बारशाच्या दिवशी गंगेच्या काठावर मांडव घातला. आमच्याकडे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. बोटीला झेंडूच्या माळा, तहसीलचे साहेब, लाऊडस्पीकर, आणि पुढच्या खुर्चीत माझी आई. आपल्या नावाचं दुसरं जहाज निघणार म्हणून ती नवं लुगडं नेसून आली होती. मी छातीवर मेडल लावलं होतं. ते नोकरीतल्या सगळ्यांनाच मिळतं, पण गावाला कुठं माहीत आहे?

"आता सौभाग्यवती कुसुमबाई या बोटीचं नाव जाहीर करतील," मी माईकवर म्हणालो.

कुसुम नारळ घेऊन उभी राहिली. काहीच बोलेना. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सासूचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. नव्या सुना मानत नाहीत, पण कुसुमच्या वयाच्या बाया जीव गेला तरी पाळतात. नदीला गंगा म्हणायचं असल्यामुळे एरवी अडतही नाही. सगळ्या तालुक्यात कुणीही चाललं असतं, आणि जिला ते नाव उच्चारता येत नाही तिलाच मी माईकसमोर आणून उभं केलं होतं.

लोक चुळबुळायला लागले. "नाव पडंना व्हय? मग आमच्या बापूंचं टाका!" सूर्यभान ओरडला. शिवप्रसादच्या माणसांनी त्यांच्या नेत्याच्या घोषणा सुरू केल्या. माझी गोदावरी माझ्या डोळ्यांदेखत बुडायला लागली होती.

तेवढ्यात बायकांतून कुणीतरी वाट काढून दिली, "वहिनी, गंगा म्हणा की! येकच हाय ते!"

कुसुमचा चेहरा खुलला. तिनं नारळ वर उचलला. आणि मी, मूर्खासारखा, माईकमध्ये किंचाळलो, "गंगा न्हाई! गंगा चालणार न्हाई!"

कारण 'गंगा' हे आमच्या जोडीचं दुसरं जहाज होतं, आणि तिथल्या स्वयंपाक्यानं एकदा चार लोकांत माझ्या पुलावाला खिचडी म्हटलं होतं. इतक्या वर्षांनी पिंपळडोहच्या काठावर त्याचा विजय होऊ देणं मला शक्य नव्हतं.

आई खुर्चीतून म्हणाली, "म्हण गं, मीच म्हणायलेय न्हवं? माझी परवानगी हाय."

"न्हाई वो," कुसुम म्हणाली. "चाळीस वरसं पाळलंय. आज माईकवर मोडू व्हय?"

मग ती बोटीकडे वळली, दगडावर नारळ आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्या बोटीचं नाव आत्याबाई!"

सासूला ती आत्याबाई म्हणते. सगळा काठ असा हसला की तहसीलच्या साहेबांनीही रुमाल काढला. मी काहीतरी बोलायला गेलो, तर सूर्यभान आणि शिवप्रसाद जन्मात पहिल्यांदा एका सुरात म्हणाले, "नियम म्हंजी नियम, नेव्हीवाले! तुमीच सांगितलंव!" पेंटर तयारच होता. त्यानं केशरी बोटीवर पांढऱ्या रंगात 'आत्याबाई' लिहिलं. कुणाचीच हरकत निघाली नाही. आत्याबाई प्रत्येक पक्षाच्या घरात आहे, आणि तिच्या विरोधात बोलायची कुणाची टाप नाही.

संध्याकाळी मी ताटावर तोंड पाडून बसलो. मला खरंच वाईट वाटलं होतं, चेष्टा नाही. "माझ्या जहाजाचं नाव घालवलंस," मी म्हणालो.

"घालवलं कुठं? मी तर त्याला तेच म्हणत आले."

"काय?"

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "तुमी तिकडं असले की बाया इचारायच्या, दादा कुठं हायत? जहाजाचं नाव तर मला काढता येत नव्हतं. मग मी म्हणायची, आत्याबाईच्या पोटात हायत. लय हसायच्या बाया. पर रेडिओवर समुद्रात वादळ हाय म्हणून सांगितलं, की मी हिथं चुलीपाशी बसून सवताला तेच म्हणायची. मायच्या पोटातलं माणूस बुडत न्हाई म्हणायची. लेकरं झोपली तरी म्हणतच बसायची."

घास माझ्या हातातच राहिला. ती सगळी वादळं मी गावाला सांगितली, एसटीला सांगितली, वांगीवाल्याला सांगितली. त्या वेळी ही काय करत होती, ते तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मला कधी सांगितलं न्हाईस," मी म्हणालो.

"कधी सांगू?" ती म्हणाली. "तुमी यायचे, अन् आल्या आल्या बोलायलाच लागायचे."