पूताला भाग दोन आवडला नाही

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं असेल तर आत्ता, या लख्ख उन्हात माझ्या टाळक्यात वीज पडो, उरलेसुरले दात गळून पडोत आणि माझ्या भातात जन्मभर खडे निघोत! हसताय काय? ऐका.

आमच्याकडे एके काळी सिनेमाला आवाज नसायचा. पडद्यावर मुकी माणसं पळायची, लढायची, आणि बाजूला माईक धरून बसलेला एक जण सगळ्यांच्या तोंडचं बोलायचा. हा माणूस म्हणजे बुनथान. नायक तोच, दरोडेखोर तोच, घोडा तोच, करकरणारं दारसुद्धा तोच. बायकांचं तेवढं सायबुआ बोलायची, त्याच्या मांडीला मांडी लावून, एकाच माईकमध्ये. दोघांचा 'पाचूची दरी' लागला की लोक बैलगाड्या जुंपून यायचे. नायक देचा दोरखंडाच्या पुलावर लटकला की बुनथान ओरडायचा, "मेलो रे! हा पूल आपल्या मुखियानंच बांधलेला दिसतोय!" मुखिया पहिल्या रांगेत पोट धरून हसायचा. आणि एकडोळ्या दरोडेखोर हसायचा तेव्हा तान्ही पोरं आईच्या छातीत तोंड खुपसायची. विहिरीत दगड गडगडत जावेत तसा तो आवाज.

पुढे सायबुआनं भातगिरणीच्या मालकाशी लग्न केलं आणि माईक सोडला. बुनथान म्हणाला, "जा. तुझे हुंदकेही माझे मीच देईन." मग सिनेमालाच कंठ फुटला. पडद्यातली माणसं आपापलं बोलू लागली आणि बुनथानला कोणी विचारेना. तो एका खटारा गाडीवर कर्णा बांधून गावोगाव ओरडत फिरू लागला, "म्हैस हरवली आहे हो, डावं शिंग वाकडं!" तेही तो देचाच्या आवाजात ओरडायचा. पोरं मागून चिडवायची, "काका, म्हशीचं काम कोण करतंय?"

तर त्या वर्षी सायबुआच्या पोराची, थावोनची, चिठ्ठी होती. एप्रिलात एकविशीतली सगळी पोरं शाळेच्या मैदानात हंड्यात हात घालतात. लाल निघाली की पलटण, काळी निघाली की घर. सायबुआ आदल्या दिवशी राईत गेली, पूतापुढे बसली. पूता म्हणजे आमच्या गावचा राखणदार, राईतल्या लाकडी देव्हाऱ्यात राहणारा अदृश्य आजोबा. त्याला सिनेमा फार आवडतो, हे सगळ्यांना ठाऊक. सायबुआ म्हणाली, "आजोबा, पोराला काळी मिळू दे. तुम्हाला 'पाचूची दरी' दाखवीन."

काळी निघाली.

बातमी कळली तशी बुनथाननं ठेवणीतला सदरा इस्त्री केला. 'पाचूची दरी' म्हणजे मुका सिनेमा, मुका सिनेमा म्हणजे बुनथान. दुसरं कोण बोलणार? तो सकाळ-संध्याकाळ आलं चघळू लागला, आरशापुढे उभा राहून हसण्याचा सराव करू लागला. एकदा, फक्त एकदा, गावानं तो आवाज परत ऐकावा. मग काय व्हायचं ते होवो.

सिनेमाचा ट्रक आला. ट्रकवर पत्रक लावलेलं: 'पाचूची दरी, भाग दोन'. बोलता. रंगीत. हेलिकॉप्टरसकट.

बुनथान तसाच गिरणीवर गेला.

"सायबुआ, तू 'पाचूची दरी' बोलली होतीस."

"मग हा काय भोपळ्याची दरी आहे?"

"हा भाग दोन आहे."

"मग? पूतानं जन्मभर जुनंच बघायचं? नवा आहे, ताजा आहे. आणि मुख्य म्हणजे आपलं आपण बोलतो. कुणाची थुंकी उडत नाही."

"आणि मी?"

"तू ये की. चटई आण. फक्त पुढे बसू नकोस हो, पुढे पूता बसतो."

गिरणीतली माणसं खिदळली. बुनथान पण हसला. पण घरी जाऊन इस्त्रीचा सदरा त्यानं चुलीत घातला.

तोवर शेवयांच्या गाडीवर वाद पेटला होता. गाडीवाली कियाओ पळी नाचवत म्हणत होती, "नवस म्हणजे नवस! कोंबडी बोललीस आणि बदक दिलंस, तर चालेल?"

"बदक मोठं असतं!" एक गिऱ्हाईक म्हणालं.

"मोठं असू दे, कोंबडी नसतं!"

"अगं, हा कोंबडीचाच पोरगा आहे म्हण. भाग दोन."

"मग पूतालाच विचारा."

बुनथान कोपऱ्यात शेवया ओरपत होता. हे शेवटचं वाक्य त्यानं शेवयांबरोबर गिळलं.

सिनेमाच्या दिवशी राईच्या तोंडाशी पडदा ताणला, देव्हाऱ्याकडे तोंड करून. पुढे पूताची चटई, उकडलेली कोंबडी, दारूची बाटली, नळी घातलेला लाल सोडा. त्यामागे गाव. बुनथान देव्हाऱ्याच्या मागे, वेळूच्या जाळीत, मांडीवर बॅटरी आणि हातात म्हशींचा कर्णा घेऊन बसला. तिथून पडदा तिरका दिसत होता. तो उणं शोधत होता. हेलिकॉप्टर आलं. खरे हत्ती नदीत उतरले. पूल जळत जळत खाली कोसळला आणि अख्ख्या गावानं एकदम श्वास ओढला. इतका मोठा श्वास त्याच्या पुलाला कधी मिळाला नव्हता. सिनेमात कोणी मुखियाचं नाव घेतलं नाही, कियाओच्या शेवयांवर विनोद केला नाही, तरी कोणाचं काही अडत नव्हतं!

रीळ बदलायला दिवा विझला. अंधार झाला, आणि त्याच अंधारात विहिरीत दगड गडगडले.

"सायबुआऽऽऽ... ही माझी दरी नव्हेऽऽऽ..."

कोणी किंचाळलं. कोणाचा सोडा सांडला.

"जुनी बोललीस... जुनी आण... नाहीतर पोरगा माझाऽऽऽ..."

काय पळालं गाव! चपला राहिल्या, चटया राहिल्या, कियाओची कवळी राहिली. थावोन तेवढा पळाला नाही. त्याला पळताच येईना. तो तिथेच उभा, आणि त्याचा कमरेला गुंडाळलेला सारोंग समोरून ओला होत गेला. दिवा परत लागला तेव्हा मागे वळून बघणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलं. थावोनचं लग्न ठरत आलं होतं; सकाळी त्या मुलीच्या बापानं बोलणी मोडली. "ज्याच्यावर पूताचा डोळा, त्याला पोरगी देऊ? आणि जो उभ्या उभ्या..." पुढचं त्यानं बोटानं दाखवलं.

बुनथाननं ऐकलं. जरा वाईट वाटलं त्याला. मग त्यानं चिकट भात मिरचीच्या चटणीत बुडवून दोन वाट्या खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सायबुआ आली. पायऱ्यांखाली उभी, हात जोडलेले. "सिनेमा कंपनीच्या गोदामात रिळांचा जुना डबा सापडलाय. मुका आहे. तुझ्याशिवाय कोण बोलणार?"

"बोलणारे खूप आहेत. आपलं आपण बोलतात ना ते?"

"चुकले."

"मोठ्यानं म्हण. शेजाऱ्यांना ऐकू गेलं नाही."

"चुकले!"

"येतो. पण पोरगा पहिल्या रिळापासून शेवटापर्यंत गुडघ्यावर बसेल. पूतापुढे. उठला तर मी माईक ठेवीन."

तिनं मान हलवली. डोळे कोरडे होते तिचे, हे बुनथानच्या लक्षात आलं नाही.

"मी बायकांचं बोलू का?" तिनं विचारलं.

"नको. बायकाही माझ्या मीच करतो."

आणि तो दिवस आला. पडदा तोच, कोंबडी तशीच, सोडा तसाच. थावोन गुडघ्यावर. गाव पलीकडच्या गावासकट हजर. बुनथाननं माईकवर टिचकी मारली आणि त्याच्या अंगावर काटा आला. दिवा लागला.

पडदा गुलाबी झाला. रंग उडून गेला होता. देचाचं तोंड भाजलेल्या डुकरासारखं दिसत होतं. रिळात तुकडे गायब; नायक दरीत उडी मारायचा आणि थेट जेवायला बसलेला दिसायचा. बुनथाननं मुखियाचा विनोद केला. पण तो मुखिया कधीच मेला होता, आणि नवा मुखिया रागावला. नायिकेच्या ओठांतून बुनथानचा चिरका आवाज निघाला तेव्हा पोरं लोळली. "बाईला मिशा आहेत रे!" मग वाघ आला. तो भयंकर वाघ, ज्याच्यासाठी बुनथान घसा फोडून डरकाळी द्यायचा.

"ही गाय आहे!" एक पोरगी ओरडली. "पट्टे रंगवलेत!"

बुनथाननं मान वळवून बघितलं. इतक्या वर्षांत त्यानं पडद्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. ओठ कधी हलतात तेवढंच बघायचा. गाय होती. तिचे सड दिसत होते. पूल गुडघाभर उंचीवर होता, खाली कोणाचं तरी भाताचं शेत. त्याला एकदम समजलं, हेलिकॉप्टरवाला भाग दोन या सिनेमापेक्षा चांगला होता. फार चांगला होता. यात जे काही होतं ते सगळं त्याच्या घशातून निघालेलं होतं, आणि घसा आता म्हातारा झाला होता. गावाला खोकला ऐकू येत होता.

एकच जण डोळे पुसत होता. म्हातारा फुत, आंधळा, पार कडेला बसलेला. तो टाळ्या वाजवत म्हणाला, "हाच खरा! त्या दुसऱ्यात काही नाही. हाच!" आंधळ्याला गाय कुठून दिसणार? त्याला फक्त आवाज. बुनथान त्या एका माणसासाठी पुढे बोलत राहिला.

मग एकडोळ्या दरोडेखोर पडद्यावर आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि हसायला त्यानं तोंड उघडलं. बुनथानच्या हातातला माईक घामानं निसटायला लागला. हे हसू, हा आवाज... त्या रात्री वेळूच्या जाळीतून कोण बोललं होतं? घाईघाईत, अंधारात, भीती घालायची म्हणून त्यानं जो हाताशी होता तो आवाज काढला होता.

त्यानं दरोडेखोराला पोरीचा आवाज दिला. "ही ही ही."

गाव फुटलं हसून. पण सायबुआ उठली.

"थांबवा रीळ! हा आवाज नव्हे त्याचा. मी शेजारी बसायचे, मला माहीत आहे. बुनथान, पूताला खोटा आवाज ऐकवतोस? माझ्या पोराचा जीव टांगलाय. खरा काढ!"

"घसा बसलाय, सायबुआ."

"आलं खा. काढ!"

"काढ! काढ!" गाव ओरडू लागलं. गुडघ्यावरचा थावोन मागे वळून त्याच्याकडे बघत होता.

बुनथाननं डोळे मिटले आणि काढला.

विहिरीत दगड गडगडले. हसू राईत घुमलं, परत आलं. एकेक तोंड त्याच्याकडे वळलं. कियाओ पुटपुटली, "हा तर... त्या दिवशीचा..." नव्या मुखियानं हातातली काठी घट्ट धरली. पूताची नक्कल करणाऱ्याचं आमच्याकडे काय करतात, ते पोरांना सांगण्यासारखं नाही.

आणि सायबुआ धाडकन गुडघ्यावर पडली. कपाळ जमिनीला. "आजोबा आले! बुनथानच्या अंगात पूता आले! पहिल्यापासून हेच त्यांचं तोंड होतं, आपल्याला कळलं नाही!"

मुखियानं काठी टाकली. कियाओ पडली. पलीकडचं गावही पडलं. सगळ्या माना खाली, आणि मधोमध बुनथान, माईक धरून. नाही म्हणावं तर काठी होतीच पायाशी.

सायबुआ पांढरा दोरा घेऊन आली आणि त्याच्या मनगटाला बांधू लागली. बांधता बांधता कानाशी म्हणाली, "पहिल्याच शब्दाला ओळखलं रे तुला. पोराचा सारोंग ओला झाला तेव्हाच ठरवलं. हलू नकोस, गाठ बसू दे."

गाठ घट्ट बसली. त्या दिवसापासून बुनथान देव्हाऱ्यापाशी राहतो. गाडी गेली, कर्णा गेला. पूताच्या तोंडाला दुसरा आवाज शोभत नाही, म्हणून देचा नाही, घोडा नाही, विनोद नाही. जे बोलायचं ते त्या एकाच गडगडाटात. मीठ मागायचं तरी गडगडाटात. पुढ्यात अळणी कोंबडी आणि कोमट लाल सोडा. आणि दर एप्रिलला काळ्या चिठ्ठ्या निघाल्या की आया सिनेमे घेऊन येतात. भाग तीन आला, भाग चार आला, आता म्हणे देचाचा नातू आला आहे. बुनथानला पहिल्या चटईवर बसवतात, नाकाखाली उदबत्त्या लावतात. उठायचं नाही, झोपायचं नाही. संपल्यावर सायबुआ, आता पार पिकली आहे, काठी टेकत पुढे येते आणि सगळ्यांपुढे विचारते, "आजोबा, पहिल्यापेक्षा कसा वाटला?"

एका वर्षी त्यानं "वाईट" म्हणून पाहिलं. नवस फिटला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

तेव्हापासून तो म्हणतो, "पहिल्यापेक्षा चांगलाऽऽऽ..." गाव टाळ्या वाजवतं आणि थावोन, त्याची बायको, पोरं, सगळी येऊन पाया पडतात.

झालं. सगळं खरं. वीज पडली का माझ्यावर? नाही ना?

बरं, एक सांगून टाकते, नाहीतर ढग यायचे. म्हातारा फुत होता तिथे, रडलाही होता, "हाच खरा" हेही म्हणाला होता. फक्त तो आंधळा नव्हता. ठार बहिरा होता.