दोरा की सुरी

इंग्रजांनी शहरावर लादलेला मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं. त्या उन्हाळ्यात मी महिन्यातून दोनदा बाजूला बसत होते.

चार दिवस झाले, की दहा-बारा दिवसांनी पुन्हा चार. मागच्या पडवीत पोतं टाकून बसायचं आणि घरातला दिवा सासूबाईंनी लावायचा. माझा एक नेम होता. अंघोळ झाली की खंडोबापुढं दिवा, महादेवाला एकशे आठ पानं बेल, मग पाण्याचा घोट. लग्नापासून बावीस वर्षं चाललेला. आता महिन्यातले आठ दिवस मी तो पडवीतून नुसता ऐकायची. आत घंटा वाजायची आणि माझे हात मांडीवर चुळबुळत राहायचे.

खरं म्हणजे तो विटाळ नव्हताच. परसाकडे गेलं की रक्त पडायचं, मोड बाहेर यायचे, ते बोटानं आत सारावे लागायचे. हे कुणाला सांगायचं? संक्रांतीच्या सुमाराला लुगड्याला डाग दिसला तेव्हा सासूबाईंनी, म्हाळसाबाईंनी, विचारलं, "कावळा शिवला काय गं?" मी "व्हय" म्हटलं. एकदा म्हटलेलं परत घेता येईना. शिवाय मला वाटायचं, रक्त ते रक्त. तसल्या अंगानं देवाजवळ जायचं कसं?

म्हाळसाबाईंनी चिमाबाई सुईणीला आणलं. "पाळी जायच्या आदी असंच हुतंय," ती म्हणाली, आणि कसल्यातरी सालीचा काढा देऊन गेली. तो कडूजहर काढा मी महिनाभर मुकाट प्याले. नसलेल्या दुखण्याचं औषध!

फोड केली ती शेजारच्या खातूनबीनं. दुपारी पडवीत टेकायला आली होती. भिंत धरून मी कशी उठते ते तिनं बघितलं आणि सासूबाईंसमोरच म्हणाली, "अंबुबाई, ये महिने का खून नै है. मेरी सास को ऐसाच था, मूळव्याध."

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"व्हय गं?"

"व्हय, आत्याबाई."

"किती दिस?"

"संक्रांतीपासनं."

"आन मग बाजूला कशापायी बसतीस?"

"रक्त पडतंय की."

"बोट कापल्यावर बसतीस का बाजूला? मागल्या साली इळीनं अंगठा चिरला, तवा त्याच हातानं दिवा लावलास की! पाच म्हैनं देवाला उगं ताटकळत ठिवलंस. आन मी सुईणीला शेरभर दाणं दिलं ते येगळंच."

खातूनबी तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र रडले. लाजेनं म्हणावं, तर तसंही नाही, सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून मी देवापुढं बसले. साठ पानं वाहिली असतील, डोळ्यांपुढं अंधारी आली. उरलेली भिंतीला टेकून वाहिली. आमच्या यांनी ते बघितलं. बाजारात घोंगड्यांचं दुकान यांचं. घरात फार बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी दुकान न उघडताच होटगीला गेले आणि सिद्धाप्पा वैद्यांना घेऊन आले.

वैद्य म्हातारे, कपाळाला भस्म. दाराशीच बसून सांगू लागले. निवडुंगाचा चीक, आघाड्याची राख आणि हळद यांची पुटं दिलेला दोरा. तो मोडाला आवळून बांधायचा. मोड सुकून आपोआप गळतो. "आठवड्याला बदलायचं, अव्वा. पाच-सहा आठवडं. सुरी नाही, काही नाही. दुखतंय मात्र. खोटं कशाला सांगू?"

"आन बगावं लागंल?" मी आतूनच विचारलं.

"बघितल्याबिगर बांधू कसं?"

खातूनबी म्हणाली, त्यापेक्षा डॉक्टरीणबाई बरी, बाई माणूस आहे. म्हणून संध्याकाळी यांच्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं, माझी खालची पापणी ओढून बघितली.

"मोड लहान असते तर तेलातलं औषध टोचून भागलं असतं," त्या म्हणाल्या. "हे कापून बांधावे लागतील. क्लोरोफॉर्म देईन, तुम्हाला काही कळणार नाही. दहा-बारा दिवस इथे राहायचं."

"वैद्यबुवा दोरा बांधतो म्हनत्यात," हे म्हणाले.

"त्यानेही गुण येतो. मी नाही म्हणणार नाही. पण तोवर थोडंथोडं रक्त जातच राहील, आणि यांच्या अंगात ते उरलंय कुठे?"

मी हळूच विचारलं, "बाई, त्या झोपेत मानूस जातं का हो?"

"हजारात एखादं."

मरणाला मी भीत नव्हते, असं म्हणणं खोटं होईल. पण त्याहून मोठी भीती निराळी होती. शेवटच्या घटकेला मुखात देवाचं नाव असावं, यासाठी तर माणूस जन्मभर नेम धरतो. आणि त्या झोपेत नाव घेणार कोण? दोऱ्यानं दुखेल, पण मी जागी तरी असेन. जीव गेला तर नाव घेता घेता जाईल.

तीन दिवस मला स्वस्थता नव्हती. बसावं तर दुखायचं, पडावं तर मन उठवायचं. चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत फेऱ्या घालायची. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुजं तू ठरीव. माजं डोस्कं चालंना." रात्री आढ्याकडं बघत तेही जागेच असायचे.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मी म्हाळसाबाईंना म्हटलं, "आत्याबाई, सांगोल्याच्या मामांना दोराच बांदला हुता न्हवं?"

"बांदला हुता. सव्वा म्हैना पालथा पडला हुता. पर बरा झाला."

"जागं हुतं की त्येनी. देवाचं नाव घ्यायचं का?"

"देवाचं?" त्यांनी लाकूड चुलीत सारलं. "वैद्याच्या आईचं नाव घ्यायचा! असल्या शिव्या, की आजूबाजूच्या बायका कानात बोटं घालायच्या. त्या ऐकूनच त्येच्या माळकरी मेव्हण्यानं बाजलं गोठ्यात हलवलं."

मला हसू आलं आणि पाठोपाठ घामही फुटला. मामा माझ्यापेक्षा धट्टेकट्टे. त्यांचं असं, तर सहा आठवड्यांत माझ्या तोंडून काय काय निघेल? जागं राहिलं म्हणजे नाव येतंच, हे मला कुणी सांगितलं होतं?

भाकरी तव्यावर टाकून मी म्हटलं, "मी दवाखान्यात जाते."

"बेस," म्हाळसाबाई म्हणाल्या. "जा."

कागदावर सही करताना यांनी टाक तीनदा दौतीत बुडवला. मला टेबलावर निजवलं, नाकावर फडकं धरलं. गोडसर, घशात बसणारा वास. नर्स म्हणाली, "आकडे मोजा." मी आकडे मोजले नाहीत. नाव घ्यायला सुरुवात केली. एरवी माझा आवाज चुलीपलीकडं जात नाही. तेव्हा खोलीभर झाला असेल. एक, दोन, तीनदा घेतल्याचं आठवतं.

शुद्ध आली ती उलटीनं, आणि खाली निखारे ठेवल्यासारख्या आगीनं. पहिलं मी नर्सला विचारलं, "शेवटाला मी काय म्हनत हुते?"

ती हसली. "'आत्याबाई, दूध उतू जातंय,' असं ओरडलात."

मी तोंड भिंतीकडं केलं.

संध्याकाळी म्हाळसाबाई पेज घेऊन आल्या. कपाळावरून हात फिरवला आणि हलकेच विचारलं, "नाव घेतलंस नव्हं शेवटपातुर?"

"न्हाय आत्याबाई. आदी घेतलं. शेवटाला दूध उतू जातंय म्हनलं."

त्या पेज फुंकायला लागल्या.

"गेलंच की सकाळी उतू," त्या म्हणाल्या. "तू न्हाईस, मी देवापुढं, कोन बगतंय? पातेलं घासून हात भरून आला माजा. आ कर."

मी दोन घोट घेतले. तिसरा घेईना. उद्या-परवा पहिल्यांदा परसाकडे जायचं होतं, आणि त्याची धास्ती आत्तापासूनच होती.